विहिरीतले पाच आणे



बरेच दिवस काही लिहिले नव्हते. आज लिहायला बसलो ते पुतण्याच्या एका फोनमुळे. तो ऑस्ट्रेलियात पर्थला असतो. एरवी त्याचा फोन 'काका, तब्येत कशी आहे' इथे सुरू होतो आणि पाच मिनिटांत संपतो. या वेळी तासभर चालला.

विषय असा. पुणे-नाशिक महामार्गाच्या रुंदीकरणात आंबेगाव तालुक्यातल्या आमच्या जमिनीची एक पट्टी गेली. मोबदल्याची भावाभावांत वाटणी झाली. धाकट्याच्या वाट्याचे पैसे तेव्हापासून बँकेत मुदत ठेवीत आहेत. त्याची आणि वहिनींची म्हातारपणाची शिदोरी म्हणायची तर तेवढीच. आता पुतण्या म्हणतो, त्यातली निम्मी रक्कम मोडू. पर्थमधली आठ-दहा मराठी कुटुंबे मिळून एका छोट्या कंपनीत पैसे घालत आहेत. त्या कंपनीची आफ्रिकेतल्या एका लिथियमच्या खाणीत वीस टक्के भागीदारी आहे, आणि या मंडळींना त्या कंपनीतले अडीच टक्के मिळणार आहेत. बॅटरीच्या गाड्या येत आहेत, लिथियमला मरण नाही, वगैरे.

मी म्हटले, "अरे, मी इतिहास आणि मराठी शिकवणारा माणूस. मला खाणीतले काय कळते?"

तर म्हणाला, "काका, टाटांसारखे लोक परदेशातल्या खाणींत असेच तीस-पस्तीस टक्के घेतात. ते काय वेडे आहेत का?"

म्हणजे प्रश्न इतिहासाचाच निघाला. टाटांनी घेतलेल्या त्या तीस आणि पस्तीस टक्क्यांचे पुढे झाले काय? महिनाभर जुनी वर्तमानपत्रे, कोर्टाचे निकाल, कंपन्यांची निवेदने वाचत होतो. (इंटरनेट कसे वापरायचे ते नातीने शिकवले, त्याचा असा उपयोग होईल असे तिला वाटले नसेल.) जे हाती लागले ते त्याच्यासाठी लिहितो आहे. तुम्हीही वाचा.

आधी आमच्या विहिरीची गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचे सोपे जाईल. नव्या पिढीला आणेवारी ठाऊक नसते. रुपयाचे सोळा आणे, तसे विहिरीचेही सोळा आणे. आमच्या जुन्या विहिरीत वडिलांचे पाच आणे होते आणि शेजारच्या भावकीतल्या एका घराचे अकरा आणे. पाच आणे म्हणजे आजच्या भाषेत एकतीस टक्के. सातबाऱ्यावर नोंद होती, हक्क पक्का होता, त्याबद्दल कधी कोणी वाद घातला नाही.

पण १९७२ च्या दुष्काळात विहीर आटली तेव्हा अकरा आणेवाल्यांनी ठरवले की ती आणखी खोल करायची. सुरुंग, क्रेन, मजुरी. आमच्याकडे त्या साली खायला सुकडी होती, पैसे नव्हते. पण विहीर खोल करायची की नाही हे पाच आणेवाल्याला कोणी विचारत नाही. त्याला फक्त खर्चाचे पाच आणे किती झाले ते सांगतात. वडिलांनी बैल विकून ते भरले. नसते भरले तर पाच आण्यांचे चार झाले असते. पुढे मोटर बसली. तेव्हाही पाणी आम्हाला कोणी नाकारले नाही. आमची पाळी दिवसाची होती ती रात्रीची झाली, एवढेच. वडिलांना एकदा वैतागून हिस्सा विकायचा होता, तर गिऱ्हाईक एकच, ते अकरा आणेवाले. बाहेरचा कोण कशाला घेईल दुसऱ्याच्या विहिरीतले पाच आणे?

आता टाटांकडे येऊ.

२००५ नंतरची ती वर्षे आठवा. जुन्नर-आंबेगावात भारनियमनाने जीव नकोसा झाला होता. शेतीपंपाला वीज यायची रात्री, आणि रात्री उसाला दारे धरायला जायचे तर बिबट्याची भीती. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे ते काही हौसेने काढलेले नाही. अशा दिवसांत बातमी आली की गुजरातेत मुंद्र्याला टाटा पॉवर चार हजार मेगावॉटचे केंद्र उभारणार, त्यातले ७६० मेगावॉट महाराष्ट्राला मिळणार, आणि तेही युनिटला सरासरी २ रुपये २६ पैशांनी. लिलावातली बोली डिसेंबर २००६ ची. करार पंचवीस वर्षांचा. स्टाफरूममध्ये आमच्या गणिताच्या सरांनी तेव्हाच विचारले होते, "पंचवीस वर्षांत कोळसा महाग होणारच नाही काय?"

टाटांनीही तो विचार केला होता. मुंद्र्याला कोळसा इंडोनेशियातून आणायचा होता, वर्षाला एक कोटी टनांहून जास्त. तेव्हा नुसते गिऱ्हाईक होण्यापेक्षा खाणीचेच भागीदार व्हावे, म्हणजे कोळसा महागला तरी खाणीच्या नफ्यातून भरपाई होईल. म्हणून मार्च २००७ मध्ये टाटा पॉवरने कालिमांतानमधल्या दोन मोठ्या खाण कंपन्यांत, काल्टिम प्रिमा कोल आणि आरुतमिन यांत, ३० टक्के हिस्सा घ्यायचे ठरवले. किंमत सुमारे ११० कोटी डॉलर. उरलेली बहुतेक मालकी बुमी रिसोर्सेस या कंपनीची, म्हणजे इंडोनेशियातल्या बाक्री घराण्याची. (बुमी म्हणजे आपली भूमीच. संस्कृत शब्द समुद्र ओलांडून गेला आणि तिकडेच राहिला.)

म्हणजे पाच आणे! वाचता वाचता मी एकटाच हसलो.

या काल्टिम प्रिमाचा मागचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. ती उभी केली बीपी आणि रिओ टिंटो या दोन बड्या परदेशी कंपन्यांनी, निम्मी निम्मी मालकी घेऊन. पण इंडोनेशिया सरकारशी झालेल्या करारात अट होती की काही वर्षांनी अर्ध्याहून जास्त हिस्सा देशातल्या लोकांना द्यायचा. किंमत किती, कोणाला द्यायचा, यावरून भांडणे लागली, आणि शेवटी २००३ मध्ये दोघांनी ५० कोटी डॉलरला सगळी खाण बुमीला विकून काढता पाय घेतला. चारच वर्षांनी त्या खाणीतले आणि आरुतमिनमधले मिळून तीस टक्के ११० कोटींना गेले. कोळसा तसा वर चढत होता.

इथे फळा घेऊन एक हिशेब मांडतो. कोळसा टनाला शंभर रुपयांनी महागला असे धरा. मुंद्र्याला वर्षाला एक कोटी दहा लाख टन लागतो असे धरले तर खर्च ११० कोटींनी वाढला. दुसरीकडे त्या दोन खाणी मिळून वर्षाला पाच कोटी टन काढतात असे धरू. त्यांचे उत्पन्न ५०० कोटींनी वाढले. पण त्यातून साडेतेरा टक्के रॉयल्टी इंडोनेशिया सरकारची, उरले साधारण ४३२. त्यावर ४५ टक्के आयकर, उरले २३८. त्यातले तीस टक्के म्हणजे ७१ कोटी. वाढलेला खर्च ११० कोटी, हाती आलेली भरपाई ७१. विजेच्या दरात थोडी वाढ मिळायची, पण ती अपुरी. शिवाय हे ७१ कोटी खाणीने लाभांश वाटला तरच मुंबईत पोचणार, आणि लाभांश केव्हा आणि किती वाटायचा यात बाक्रींचा शब्द मोठा. हिस्सा घ्यायला काढलेल्या कर्जाचे व्याज वेगळेच. हिशेब माझा ढोबळ आहे, पण कोणत्या बाजूला किती झुकते ते दिसते.

तरी या हिशेबाचा पाया एका गोष्टीवर होता. ज्या भावाने कोळसा घ्यायचे ठरले आहे त्या भावाने तो मिळत राहील. तो पायाच निखळला. इंडोनेशियाने २००९ मध्ये खाणींचा नवा कायदा केला आणि सप्टेंबर २०१० मध्ये नियम काढला की कोळसा सरकारने दरमहा जाहीर केलेल्या आधारभूत किमतीच्या खाली विकायचा नाही. जुन्या करारांनाही वर्षभराची मुदत, म्हणजे २३ सप्टेंबर २०११ पर्यंत. खाण तुमची असो, करार लेखी असो, बाजारभाव द्यावाच लागेल.

आता यात बाक्रींचे काय गेले? काहीच नाही. कोळसा चढ्या भावाने विकला गेला तर खाणवाल्याचा फायदाच. सरकारचाही. अडचण फक्त त्या भागीदाराची, जो एका हाताने मालक आणि दुसऱ्या हाताने गिऱ्हाईक होता. मालकी तीस टक्के आणि गिऱ्हाईकी शंभर टक्के! माझ्या मते सगळ्या गोष्टीचे मर्म इथे आहे. पुतण्याला मी हे दोनदा सांगितले.

मुंद्र्याचा पहिला संच मार्च २०१२ मध्ये सुरू झाला, पाचवा मार्च २०१३ मध्ये. म्हणजे नियम बदलल्यावर. केंद्र पहिल्यापासून तोट्यात. कंपनी वीज नियामक आयोगाकडे गेली, २०१३ मध्ये आयोगाने वाढीव दराला अनुकूल मत दिले, मग अपिले, मग सर्वोच्च न्यायालय. ११ एप्रिल २०१७ ला निकाल लागला. न्यायालयाने म्हटले ते सरळ होते. करारात 'कायद्यातील बदल' असा शब्द आहे तो भारतातल्या कायद्याबद्दल आहे, इंडोनेशियातल्या नव्हे. आणि कोळसा महागणे ही काही आकाशातून कोसळलेली आपत्ती नव्हे, बोली लावणाऱ्याने ती जोखीम जाणूनबुजून घेतली होती. त्याच वर्षी जूनमध्ये कंपनीने या केंद्रातला ५१ टक्के हिस्सा एक रुपयाला देऊ केला. एक रुपया! चार हजार मेगावॉटच्या केंद्राचा!

त्याआधी २०१४ च्या सुरुवातीला आरुतमिनमधला तीस टक्के हिस्सा विकायचा करार झाला होता, सुमारे ५० कोटी डॉलरला. घेणारे कोण? बाक्रींच्याच गटातले. पैसे काही लगेच आले नाहीत, तो व्यवहार पुढे कितीतरी वर्षे रेंगाळला. वडिलांची आठवण येणारच.

काल्टिम प्रिमातला हिस्सा मात्र टाटांनी तेव्हा विकला नाही, आणि न्यायाने बोलायचे तर त्याने पैसेही दिले. २०२१-२२ मध्ये जगभर कोळसा भडकला तेव्हा मुंद्र्याचा तोटा आणि खाणीचा नफा एकाच घरात शेजारी शेजारी बसले होते. सप्टेंबर २०२१ च्या सुमारास केंद्र परवडत नाही म्हणून बंद ठेवले होते, आणि मे २०२२ मध्ये केंद्र सरकारने वीज कायद्याचे कलम ११ लावून आयात कोळशावरची केंद्रे चालवायला लावली. तेव्हा टाटा बुडाले असे मी म्हणत नाही. मोठे घर आहे, एका खोलीत गळले तर दुसऱ्या खोलीत झोपता येते.

बाक्रींच्या विहिरीत आणखी एक पाहुणा उतरला होता, त्याची गोष्ट थोडक्यात सांगतो. रॉथ्सचाइल्ड हे युरोपातले पिढीजात सावकारी घराणे. त्यातल्या नॅथॅनियल रॉथ्सचाइल्ड यांनी लंडनच्या बाजारातून पैसे उभे करून २०१० च्या अखेरीस बुमी रिसोर्सेसमधला अल्पसंख्य हिस्सा आणि बेराऊ या दुसऱ्या कोळसा कंपनीतला मोठा हिस्सा घेण्याचा व्यवहार केला. लंडनच्या कंपनीकडे बुमीचे २९ टक्के आले. दोन वर्षांत भांडणे पेटली. २०१२ मध्ये हिशेबांतल्या गैरव्यवहारांची चौकशी जाहीर झाली. बेराऊच्या वह्यांत २० कोटी डॉलरच्या खर्चाला व्यवसायाचे नीट कारण सापडेना. शेवटी २०१४ मध्ये ते २९ टक्के बाक्रींनीच सुमारे ५० कोटी डॉलरला परत घेतले. म्हणजे नाव रॉथ्सचाइल्ड असले तरी पाच आणे ते पाच आणेच.

दुसरी गोष्ट मोझांबिकची, आणि मला ही जास्त शिकवून जाणारी वाटते, कारण यात एकाच घराने एकाच जागी दोन प्रकारे पैसे घातले आणि दोन्हींचे निकाल उलट लागले.

टाटा स्टीलला पोलादासाठी चांगला कोकिंग कोळसा हवा होता. मोझांबिकच्या टेटे प्रांतात झांबेझी नदीकाठी रिव्हर्सडेल नावाच्या ऑस्ट्रेलियन कंपनीला तो सापडला होता. नोव्हेंबर २००७ मध्ये टाटा स्टीलने तिथल्या बेंगा प्रकल्पात ३५ टक्के हिस्सा घेतला, दहा कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरला. शिवाय रिव्हर्सडेल कंपनीचे शेअरही बाजारातून घेत घेत २६ टक्क्यांच्या पुढे नेले.

२०११ मध्ये रिओ टिंटोला ती खाण हवीशी झाली. त्यांनी जवळजवळ चार अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर मोजून रिव्हर्सडेल विकत घेतली. टाटांनी आपले शेअर त्यांना देऊन टाकले आणि शंभर कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरहून जास्त घेतले. उत्तम सौदा. हे शेअर बाजारात नोंदलेले होते, घेणारा समोर उभा होता, भाव सगळ्यांना दिसत होता.

पण बेंगातले ३५ टक्के राहिले. त्यांना बाजार नव्हता.

पुढे काय झाले पाहा. रिओ टिंटोची कल्पना अशी की कोळसा तराफ्यांवरून झांबेझीतून समुद्रापर्यंत न्यायचा. मोझांबिक सरकारने पर्यावरणाचे कारण देऊन परवानगी नाकारली. दुसरा मार्ग एकेरी रेल्वेचा, बेइरा बंदरापर्यंत पाचशे किलोमीटरहून जास्त, आणि त्यावर ब्राझीलच्या वाले कंपनीचाही कोळसा. त्यात जमिनीखाली अपेक्षेइतका चांगला कोळसाही निघेना. जानेवारी २०१३ मध्ये रिओ टिंटोने तीन अब्ज डॉलर बुडीत मांडले आणि त्यांचे प्रमुख टॉम अल्बनीज यांना खुर्ची सोडावी लागली. (हेच अल्बनीज पुढे वर्षभराने वेदांतचे प्रमुख झाले. पडलेला मोठा माणूस फार वेळ जमिनीवर राहत नाही.) २०१४ मध्ये तिथला सगळा पसारा विकला गेला पाच कोटी डॉलरला. घेणारी आपल्याच सरकारी कंपन्यांनी मिळून काढलेली इंटरनॅशनल कोल व्हेंचर्स. तिनेही २०१५ च्या अखेरीस कोळशाचे भाव पडल्यावर काही काळ काम थांबवले. रिओ टिंटोवर मात्र अमेरिकेच्या बाजार नियामकाने २०१७ मध्ये खटला भरला की खाणीची खरी स्थिती भागधारकांपासून लपवली. २०२३ मध्ये २ कोटी ८० लाख डॉलर भरून त्यांनी तो मिटवला.

या सगळ्या काळात टाटा स्टीलचे ३५ टक्के तिथेच. आधी भागीदार रिव्हर्सडेल, मग रिओ टिंटो, मग भारत सरकार. सात वर्षांत तीन धनी बदलले.

आता थोडे आपल्या गावाकडचे. नाणेघाटातून देशोदेशीचा माल जुन्नरला यायचा, हे मी पोरांना तीस वर्षे शिकवले. आपल्या लेण्यांत यवनांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत. त्याच लेण्यांतल्या एका लेखात वेळूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे पैसे ठेवल्याची नोंद आहे. दोन हजार वर्षांपूर्वीची मुदत ठेवच ती. सहलीला पोरांना हे दाखवले की त्यांना फार गंमत वाटायची. या वेळी मला वेगळेच जाणवले. ज्याने ठेव ठेवली त्याला कासारआळीतला ठोका ऐकू येत असणार. काम बंद पडले तर संध्याकाळपर्यंत कळले असते, आणि जाब विचारायला माणूसही समोर होता. शिवाय अट भिंतीवर कोरलेली, येणारा-जाणारा वाचणार.

तर पुतण्याच्या हिश्श्याचा हिशेब. खाणीतले वीस टक्के, त्यातले अडीच टक्के, म्हणजे खाणीचा अर्धा टक्का. आणेवारीत सांगायचे तर सोळा आण्यांच्या खाणीत जेमतेम एक पै, आणि ती पै आठ-दहा घरांत वाटायची. टाटांकडे पाच आणे होते, वकील होते, मुंबईत बॉम्बे हाऊस होते, दिल्लीत शब्द ऐकणारे लोक होते, तरी जकार्त्यातल्या एका नियमाने त्यांना कित्येक वर्षे कोर्टात फिरवले.

मी त्याला 'नको' म्हटले नाही. पंचेचाळिशीचा बाप्या आहे, त्याची दोन मुले कॉलेजात जायची आहेत, त्याला आपल्या जागी ओढ असणार. शिवाय त्याचे स्वतःचे पैसे असते तर मी हे इतके लिहिलेही नसते. मी त्याला चार गोष्टी विचारल्या. खाणीला आणखी पैसे लागले आणि आम्ही नाही भरले, तर आमच्या पैचे काय होते? नफा झाला तर वाटायचा की पुन्हा खाणीतच घालायचा, हे कोण ठरवतो? आम्हाला बाहेर पडायचे असेल तर घेणारा कोण आणि भाव कोण ठरवणार? आणि त्या देशाने उद्या नियम बदलला, किंवा आपलाच हिस्सा वाढवून मागितला, तर तो कोणाच्या हिश्श्यातून जाणार?

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "हे भागधारकांच्या करारात लिहिलेले असेल."

"वाचलास का?"

"नाही काका. माहितीपत्रक वाचले."

धाकट्याला मी यातले काही सांगितले नव्हते. पण वहिनींनी फोनवरचे अर्धे बोलणे ऐकले होते. परवा त्या आल्या तेव्हा चहा घेता घेता एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, ठेवीची पावती माझ्याकडे आहे, कपाटात." धाकटा खिडकीबाहेर बघत होता.

पुतण्याने त्या कंपनीकडे करार मागितला आहे. तीन आठवडे झाले, अजून आलेला नाही.